तर्री झकास, पण बिल्ल्याचं बोलायचं आहे: बर्डीवरच्या एका पोहेवाल्याचा रिव्ह्यू

दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाही आहे, कारण पुढे जे लिहिलंय ते वाचून कोणी हुशार माणूस जाऊन पोहेवाल्या काकांना कायदा शिकवेल अन् माझी सकाळ खराब होईल. ज्यांना माहीत आहे त्यांना "बिल्लेवाले पोहे" (चिल्लरच्या जागी बिल्ला देतात म्हणून) एवढं म्हटलं तरी कळते. नागपूरच्या सीताबर्डीच्या मेन रोडवरून आत गल्लीत, सकाळी सहा ते साडेदहा, सोमवारी बंद. बसायला जागा नाही, उभ्याने खायचं, अन् गाडी लावायला जागा पाहिजे असेल तर सहाच्या आधी जा, नाही तर दूर कुठे लावून पायी या.

आधी खाण्याचं सांगतो कारण शेवटी माणूस त्यासाठीच जाते. पोहा मोकळा, दाणा दाणा वेगळा पण कोरडा नाही, वरून चण्याची तर्री अशी की पहिला घास गेला की कानामागे घाम, अन् तरी दुसरा घास थांबवता येत नाही. लाल तेलाचा थर आहे, नाही म्हणत नाही, पण तर्री म्हटल्यावर तो राहीलच ना, ज्याला नको त्याने उपमा खावा. वरून कांदा, लिंबू अन् सांबार (पुण्यामुंबईवाल्यांनी घाबरू नये, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, पोह्यावर कोणी इडलीवालं सांबार ओतून नाही राहिलं). तर्री दुसऱ्यांदा मागितली तरी काका तोंड वाकडं करत नाहीत, तिसऱ्यांदा मागितली तर फक्त पाहतात. आलूबोंडा ठीक आहे, आठच्या आत गेलात तर गरम, नंतर नशीब. चहा गोड जास्त. मी मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह आहे, रोज दहा डॉक्टरांच्या दारात उभं राहणारा माणूस, सकाळी हे पोहे पोटात गेल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही, म्हणून हा रिव्ह्यू एका भेटीचा नाही, दीड वर्षाचा आहे हे लक्षात घ्या.

आता बिल्ला.

पोहा ३५, चहा १०, झाले ४५. तुम्ही पन्नासची नोट देता. पाच रुपये परत पाहिजेत. काकू गल्ल्यावर बसतात, त्या गल्ल्यात हात घालतात अन् तुमच्या हातावर पितळेचा एक गोल बिल्ला ठेवतात, एका बाजूला कढई, दुसऱ्या बाजूला ५. "उद्या या, चालते." बस. पावती नाही, तारीख नाही, काही नाही. स्कॅनर लावला आहे म्हणा, पण तो अशा कोपऱ्यात चिकटवलाय की तिथपर्यंत पोचायला चार लोकांच्या प्लेटवरून हात न्यावा लागते, अन् मला तर वाटते तो मुद्दामच तिथे आहे. पहिल्यांदा मिळाला तेव्हा मी विचारलं की काकू हे काय, तर काका कढईवरूनच बोलले, "भाऊ, चिल्लर कुठून आणू बापा? बँकेत गेलो तर उद्या या म्हणतात, दुकानवाले शेकड्यावर कमिशन मागतात. चॉकलेट देऊ का मग? चॉकलेट घरी नेऊन शुगर वाढवा, त्यापेक्षा बिल्ला बरा ना."

मुद्दा चुकीचा नाही. चिल्लरच्या नावाखाली आयुष्यभर नको असलेलं चॉकलेट घेत आलो आपण, त्यापेक्षा पुन्हा पोहे देणारा बिल्ला कधीही चांगला. पण मला जुन्या नाण्यांचा किडा आहे अन् त्या किड्याने माझं डोकं खायला सुरुवात केली, कारण हे जे काका करून राहिले ना, हे डिट्टो साडेतीनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये झालंय, अन् तिथे ते राजाने बंद पाडलं होतं.

झालं असं की दोन वर्षांपूर्वी नागपुरातच एका नाण्यांच्या प्रदर्शनात मी एक इंग्लंडचा टोकन घेतला होता, १८०० रुपयांना, बायकोला ८०० सांगितले. पातळ, तांब्याचा, नखाएवढा, सतराव्या शतकातला. कोणत्या राजाचा नाही, एका दुकानदाराचा. दुकानदाराचं नाव घासून गेलंय, पण मधली तीन अक्षरं दिसतात, वर एक अन् खाली दोन. त्या काळात पद्धतच होती: वर आडनावाचं अक्षर, खाली एकीकडे नवऱ्याचं, दुसरीकडे बायकोचं. म्हणजे दुकान दोघांचं, बिल्ला दोघांचा. एक दिवस तो खिशात टाकून नेला अन् काकूंच्या समोर गल्ल्यावर त्यांच्या बिल्ल्याशेजारी ठेवला.

काकूंनी उलटापालटा करून पाहिला. "हा कितीचा?"

म्हटलं तेव्हा अर्ध्या पेनीचा, आता अठराशेचा. काका कढई सोडून आले. बिल्ल्यावर बायकोचंही अक्षर असायचं हे सांगितलं तेव्हा लाईनीतले दोघंतिघं हसले अन् एक जण बोलला की काका, बघा, तुमच्या बिल्ल्यावर काकूंचं नावच नाही. काकू म्हणाल्या, "मले नाव कायले पाहिजे, गल्ला माह्याजवळ आहे ना." त्या दिवशी लाईनीतल्या सगळ्यांना तर्री जरा जास्तच मिळाली असं माझं मत आहे.

तर तिकडचा मामला असा होता. आपल्याकडे जसे एका आण्याचे चार पैसे, तसे त्यांच्याकडे एका पेनीचे चार फार्दिंग. पण राजाचा मान असा की नाणं म्हणजे सोनं नाही तर चांदी, तांब्यावर राजाचा चेहरा कसा छापणार, कमीपणा. आता चांदीचा अर्धा पेनी पाडायचा म्हटला तर तो निघायचा पाव ग्रॅमच्या आसपास, बोटाच्या फटीतून पडला की गेला. चांदीचा फार्दिंग तर परवडणारच नाही. अन् गरीब माणसाला ब्रेड, बिअर, मेणबत्ती, सुई-दोरा घ्यायला लागायचे फार्दिंगच. मोठ्या लोकांचा व्यवहार चांदीत, लहान लोकांच्या व्यवहाराला पैसाच नाही. मग दुकानदारांनी काय केलं, शिशाचे स्वतःचे बिल्ले पाडले. अन् १६४८-४९ नंतर, राजा चार्ल्स पहिला याचं डोकं उडवल्यावर अन् वर विचारणारं कोणी न राहिल्यावर, तांब्या-पितळेचे बिल्ले असे उगवले जशी पावसात कुत्र्याची छत्री. किराणावाले, कापडवाले, खानावळवाले, मेणबत्तीवाले, गावच्या नगरपालिकासुद्धा. १६४८ ते १६७२ या चोवीस वर्षांत हजारो वेगवेगळे बिल्ले निघाले, एकट्या लंडनमध्येच हजारांच्या वर प्रकार. काही गोल, काही चौकोनी, काही चक्क बदामाच्या आकाराचे. चित्र यासाठी की बऱ्याच लोकांना वाचता येत नव्हतं, दुकानाच्या पाटीवर जे चित्र तेच बिल्ल्यावर. काकांची कढई आठवा.

यातला माझा फेव्हरेट म्हणजे लंडनच्या एक्स्चेंज अ‍ॅलीमधल्या एका कॉफी हाऊसचा बिल्ला. त्याच्यावर तुर्कस्तानचा सुलतान मुराद आहे, फेटाबिटा घालून, अन् भोवती तुकबंदी की मी जिथे गेलो तिथे जिंकलो, अन् मागच्या बाजूला मेन्यू: कॉफी, तंबाखू, सरबत, चहा, चॉकलेट. म्हणजे बिल्ला, जाहिरात अन् मेन्यू कार्ड तिन्ही एका तांब्याच्या तुकड्यावर! मी काकांना म्हटलं की तुम्ही पण मागे "तर्री पोहा, आलूबोंडा, चहा" छापा. ते म्हणाले रेट छापला अन् उद्या कांदा महाग झाला तर?

तिकडच्या दुकानदारांकडे म्हणे खण असलेल्या पेट्या असायच्या, प्रत्येक दुकानाचा बिल्ला वेगळ्या खणात, पुरेसे जमले की त्या त्या दुकानात नेऊन बदलून घ्यायचे. हे वाचलं तेव्हा वाटलं होतं की काय कटकट आहे बापा. अन् मग एक दिवस पाहिलं की आमच्या गल्लीच्या टोकाचा पानठेलेवाला काकांचा बिल्ला घेऊन राहिला! एका माणसाने खर्रा (तंबाखू-सुपारी) घेतला, पाच कमी पडले, त्याने बिल्ला टेकवला अन् पानवाल्याने उचलून डब्यात टाकला. मी विचारलं काहून घेतो बे तू. तो म्हणाला, "मी सकाळी तिथेच नाश्ता करतो ना भाऊ, मले चालते." ओळखीच्या लोकांकडून पूर्ण पाच, अनोळखी असला तर चारच. मी हातातली बॅग खाली ठेवली अन् दोन मिनिटं उभाच राहिलो, कारण हा जो एक रुपया कापला ना, याला बँकेच्या भाषेत डिस्काउंट म्हणतात अन् आमच्या गल्लीत आता एक चलन आहे, ज्याची पत त्या कढईवर टिकून आहे, अन् हे सगळं कुठे, तर संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या ऑफिसपासून पायी पंधरा-वीस मिनिटांवर.

इथे माझं थोडं चुकलं हे कबूल करतो. मी काकांना कायदा सांगितला. मी वकील नाही, पण नाणी जमवणाऱ्याला एवढं माहीत असतेच: इंग्रजांनी १८८९ मध्ये मेटल टोकन्स अ‍ॅक्ट म्हणून कायदा केला होता की सरकारच्या परवानगीशिवाय कोणी पैसा म्हणून वापरायला धातूचे तुकडे पाडायचे नाहीत, अन् तो कायदा आपल्याकडे एकशे बावीस वर्षं लागू होता. २०११ मध्ये नवा नाणे कायदा आला, त्यात तो जुना कायदा रद्द झाला पण ही बंदी तशीच आत आली, शिक्षा सात वर्षांपर्यंत. काका हे ऐकून एकदम गप्प. त्या दिवशी तर्रीत मीठ जास्त होतं.

पुढच्या मंगळवारी गेलो तर बिल्ला प्लास्टिकचा! निळा, कॅरमच्या गोटीसारखा, वर फक्त ५. काका खुश. "भाऊ, तुम्हीच म्हणले ना कायदा धातूचा आहे. हा धातू आहे का?" आता काय बोलणार. वकील लोक वर्षानुवर्षं शिकून जी पळवाट शोधतात ती या माणसाने फोडणी देता देता शोधली. माझा सल्ला विचाराल तर कायद्याच्या शब्दातून निसटला म्हणून डोक्यावरची टांगती तलवार गेली असं मी समजणार नाही, पण ते काकांचं ते पाहतील.

खरं नुकसान मात्र दुसरीकडून झालं. पितळेचा बिल्ला बनवायला इतवारीच्या बाजारात ठोकणारा शोधावा लागते, डाय लागते, खर्च येते. निळी प्लास्टिकची गोटी ऑनलाइन शंभरच्या पाकिटात येते. पंधरा दिवसांत काकूंच्या लक्षात आलं की दिले त्याच्यापेक्षा जास्त बिल्ले परत येऊन राहिले. कोणी तरी हॉस्टेलची पोरं असतील, मी कोणाचं नाव घेत नाही, पण फुकटचा चहा चालू होता.

अन् हे ऐकल्याबरोबर मला १६१३ आठवलं. इंग्लंडचा राजा जेम्स पहिला याने त्या वर्षी शिशाच्या खाजगी बिल्ल्यांवर बंदी घातली. चांगलं केलं? ऐका पुढे. स्वतः नाणी पाडायच्या ऐवजी त्याने तांब्याचे फार्दिंग पाडायचा ठेका दिला एका सरदाराला, लॉर्ड हॅरिंग्टन. नफ्यात राजाचाही वाटा. म्हणजे बंदी लोकांच्या भल्यासाठी नव्हती, गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये म्हणून होती. हॅरिंग्टन त्याच वर्षी वारला, ठेका या सरदाराकडून त्या सरदाराकडे फिरत राहिला, पण लोक त्या नाण्याला हॅरिंग्टनच म्हणायचे. वजन किती, तर ०.३९ ग्रॅम. आपला २०११ साली आलेला रुपया ३.७९ ग्रॅमचा आहे, त्याचा दहावा हिस्सा समजा. एवढी पातळ टिकली अन् त्याच्यावर राजाचा मुकुट! नकली करणाऱ्यांना तर लॉटरीच लागली, कारण तांब्याची किंमत काहीच नाही अन् छाप सोपा. बाजारात नकली इतक्या झाल्या की १६३६ मध्ये नवा फार्दिंग काढावा लागला, त्याच्या तांब्यामध्ये पितळेचा छोटा तुकडा बसवलेला, म्हणजे घरगुती नकलीवाल्याला तसा करणं अवघड जाईल. शेवटी १६४४ मध्ये पार्लमेंटने तो ठेकाच बंद केला. मग काय, पुन्हा चिल्लर नाही, पुन्हा दुकानदारांचे बिल्ले, अन् माझा अठराशे रुपयांचा त्यातलाच एक.

काकूंनी काय केलं माहीत आहे? प्रत्येक निळ्या बिल्ल्याच्या बरोबर मध्ये नेलपॉलिशचा ठिपका. तोही असातसा नाही, त्या घरी दोन रंग मिसळतात, एक मरून अन् एक चमकीवाला, अन् तो रंग दुसऱ्या कोणाजवळ नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या टांकसाळीला जी अक्कल सुचली ती यांना एका दुपारी सुचली. ठिपक्याशिवाय बिल्ला चालणार नाही अशी पाटी पण लागली, हाताने लिहिलेली, "बिल्ला" मध्ये एक ल कमी. जुने बिनठिपक्याचे ज्यांच्याकडे होते त्यांचे पण गेले, त्यात माझे दोन होते. दहा रुपये. मी बोललो नाही, पण इथे लिहून ठेवतो.

आता खरी बंदी कधी लागली ते सांगतो, कारण त्यातच या दुकानाचा सगळा हिशोब आहे. १६७२, राजा चार्ल्स दुसरा. ऑगस्टमध्ये जाहीरनामा निघाला: राजाच्या टांकसाळीतून तांब्याचे हाफपेनी अन् फार्दिंग येतील, खाजगी बिल्ले बंद. या वेळी ठेकेदार नाही. अन् नाणं कसं, तर फार्दिंगच पाच-साडेपाच ग्रॅमच्या आसपास, त्या हॅरिंग्टनच्या टिकलीपेक्षा तेरा-चौदा पटीने जड. मागे ब्रिटानिया (त्यांची भारतमाता म्हणा) बसलेली, हातात भाला. म्हणजे लोकांच्या हातात असं काही तरी आलं की ज्यात तांब्याची थोडी तरी खरी किंमत होती. सहा पेन्सच्या आतल्या व्यवहाराला ते घ्यायचंच, मोठ्या रकमेत तांबं कोणाच्या गळ्यात मारायचं नाही. (आपल्याकडे आजही तसंच आहे, रुपयाच्या अन् त्यावरच्या नाण्यांत हजारपर्यंतच देता येते, त्याच्या पुढे समोरचा नाही म्हणू शकते. पन्नास पैशांत दहा रुपयांपर्यंतच, पण पन्नास पैसे दिसतात कोणाला?) काही ठिकाणी बिल्ले तरी चालूच राहिले, १६७४ मध्ये पुन्हा जाहीरनामा काढावा लागला, पण चार-पाच वर्षांत मामला थंड. बंदीचा कागद तेव्हाही होता अन् १६१३ लाही होता. फरक एवढाच की या वेळी बंदीसोबत चिल्लर पण आली.

अन् सरकारी शिक्का आहे म्हणून लोक घेतीलच असंही नाही. आयर्लंडमध्ये १७२२ मध्ये विल्यम वुड नावाच्या कारखानदाराला तांब्याची नाणी पाडायचं राजाचं पेटंट (म्हणजे परवाना) मिळालं, आयरिश लोकांनी एवढा आरडाओरडा केला की १७२५ मध्ये ते मागे घ्यावं लागलं. तुम्हाला वाटेल हे कुठलं कुठे, पण आपल्या इथे दहाच्या नाण्याचं काय झालं? हे नकली आहे, ते चालत नाही, पंधरा रेघावालं नको दहा रेघावालं दे. २०१८ च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की दहाच्या नाण्याची चौदा डिझाईनं आहेत अन् चौदाच्या चौदा चालतात. तरी कितीतरी दिवस ऑटोवाले घेत नव्हते. हाच तो पानठेलेवाला, जो दहाचं खरं नाणं परत करायचा, तो नेलपॉलिशचा ठिपका असलेली प्लास्टिकची गोटी घेते! याला काय म्हणावं मला कळत नाही, पण काकांच्या कढईबद्दल त्याच्या मनात जेवढा भरवसा आहे तेवढा टांकसाळीबद्दल नाही, हे दिसते.

इकडची पण एक गोष्ट सांगून टाकतो नाही तर लोक म्हणतील हा इंग्रजांचंच सांगते. पेशव्यांच्या राज्यात टांकसाळीचा परवाना सोनार-सावकारांना मिळायचा, परवान्याशिवायही चालायच्या, अन् धारवाडकडे हलकी नाणी पाडणाऱ्या अशा टांकसाळी माधवराव पेशव्यांच्या काळात बंद करून सरकारी टांकसाळ सुरू केली होती. तिथे भानगड बिल्ल्याची नव्हती, खऱ्या नाण्यात खोट घालायची होती, पण गणित तेच. आधी आपली चालू, मग त्यांची बंद.

इंग्लंडमध्ये तर शंभर वर्षांनी पुन्हा तेच नाटक झालं. सरकारने तांब्याची नाणी पाडणंच जवळपास सोडून दिलं, कारखान्यांत मजुरांना पगार द्यायला चिल्लर नाही, १७८७ मध्ये शेजारच्या वेल्समधल्या अँग्लसी बेटावरच्या तांब्याच्या खाणवाल्यांनी स्वतःचा पेनी काढला, वर एक दाढीवाला बाबा अन् मागे वचन की मागाल तेव्हा एक पेनी देऊ. त्या पेनीत तांबं पूर्ण वजनाचं होतं, सरकारी नाण्यापेक्षा चांगलं! १७९७ मध्ये सरकारने मॅथ्यू बोल्टनच्या बर्मिंगहॅमच्या वाफेच्या मशीनवर जाडजूड पेनी पाडून घेतला, पूर्ण एक औंसाचा. (याच बोल्टनने ईस्ट इंडिया कंपनीसाठी मुंबई-मद्रासचे तांब्याचे पैसेही पाडले, जुन्या बाजारात अजून मिळतात, छान वळणदार.) ते पण पुरलं नाही, युद्धात पुन्हा टंचाई, पुन्हा बिल्ले, अन् मग १८१७ चा कायदा, १८१८ च्या पहिल्या तारखेपासून तांब्याचे खाजगी टोकन बंद. गंमत म्हणजे बर्मिंगहॅम अन् शेफील्डच्या गरीबखान्यांच्या टोकनांना मुदत वाढवून दिली, कारण ते एकदम बंद केले असते तर नुकसान गरिबांचं झालं असतं. ही सूट मला सगळ्या इतिहासात सर्वात शहाणी वाटते. काकूंनी बिनठिपक्याचे बिल्ले बंद करताना आठ दिवस मुदत दिली असती तर माझे दहा रुपये वाचले असते, पण जाऊ द्या.

तर मुद्द्यावर येतो. मला त्रास बिल्ल्याचा नाही. त्रास याचा आहे की बिल्ला फक्त पोह्यात बदलते, पैशात नाही. दीड वर्षात मी किती बिल्ले हरवले असतील? शर्टाच्या खिशात धुतले गेले, गाडीच्या डिक्कीत गेले, एक पोराने कॅरममध्ये खेळला. प्रत्येक हरवलेला बिल्ला म्हणजे काकांचे पाच रुपये नफा, अन् न हरवलेला म्हणजे माझं त्यांना बिनव्याजी कर्ज. रोज दोनशे गिऱ्हाईक धरले अन् त्यातल्या पन्नास जणांना बिल्ला गेला तर महिन्याला किती होते ते तुम्हीच करा. राजा चार्ल्स दुसऱ्यालाही हेच दिसलं असणार, की हजारो दुकानदार जो नफा खाऊन राहिले तो आपण काहून सोडायचा. मी काकूंना एकदा सरळ विचारलं, सात बिल्ले झालेत, पस्तीस रुपये रोख द्या. त्या म्हणाल्या, "पस्तीसचा पोहा खा ना." म्हटलं पोट भरलंय. "मग उद्या खा." अँग्लसीचा दाढीवाला बाबा पण एवढा ठाम नव्हता.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगतो. मागच्या महिन्यात एक म्हातारे आजोबा आले, त्यांच्याजवळ जुना पितळेचा बिल्ला होता, कढईवाला. लाईनीतला कोणी तरी बोलला की बाबा, तो बंद झाला. काकूंनी हात पुढे केला, बिल्ला घेतला, पाचचं खरं नाणं गल्ल्यातून काढून आजोबांच्या हातात दिलं. म्हणजे गल्ल्यात पाचचं नाणं होतं! एवढा वेळ होतं! मी काकूंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं अन् म्हणाल्या, "तो धातूचा होता ना भाऊ, कायद्याचं काम आहे."

रेटिंग: तर्रीला पाचपैकी पाच, आलूबोंड्याला तीन, चहाला अडीच, जागेला एक, बिल्ल्याला दोन, काकूंना साडेपाच. ज्यांना सुटे पंचेचाळीस नेता येतात त्यांनी न्यावे, बाकीच्यांनी तो स्कॅनर गाठायचा प्रयत्न करून पाहावा, डावीकडून, चहाच्या किटलीच्या मागे आहे. अन् या आठवड्यात मला टूरवर चंद्रपूरला जायचंय, माझ्याकडे ठिपक्यावाले सात बिल्ले पडून आहेत, कोणी उद्या सकाळी तिकडे जाणार असेल तर सांगा, पस्तीसचे तीसला देतो.